साडूची निळी तार

माझ्या साडूचं पेडण्याच्या बाजारात विजेच्या सामानाचं दुकान आहे. तारांची भेंडोळी छतापर्यंत रचलेली असतात. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून आसपास हॉटेलं उभी राहत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच इमारतींतली तार त्याच्या दुकानातून गेलेली आहे. स्वतःच्या घरातल्या स्टीरिओसाठी मात्र त्याने दुकानातली तार वापरली नाही. परदेशातून मागवली. अंगठ्याएवढी जाड, निळ्या विणलेल्या वेष्टणातली, टोकांना सोनेरी पिना. वेष्टणावर बाण छापलेले आहेत, आवाज कुठल्या दिशेने जावा ते दाखवणारे. नवी स्कूटर येईल एवढी तिची किंमत. हे त्याने आपणहून सांगितलं.

तार जमिनीला टेकू नये म्हणून त्याने फणसाच्या लाकडाचे ठोकळे कापून घेतले. हॉलच्या एका भिंतीलगत ती निळी तार ठोकळ्यांवरून जाते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला मेलेलं जनावर, म्हणजे साप, आठवलं, पण मी तसं बोललो नाही. "नीट काम झालंय" एवढंच म्हणालो.

डिचोलीला माझ्या घरी जी तार आहे ती त्याच्याच दुकानातली. तांबडी-काळी, घरगुती.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्याची धाकटी. त्यांचे वडील, म्हणजे आमचे सासरे, सर्वणला एकटे राहतात. मुलगा परदेशी स्थायिक झाला आहे. सासऱ्यांनी जन्मभर शेती केली आणि गावच्या उत्सवातल्या नाटकांना पेटीची साथ केली. पंचक्रोशीत भजन असो वा नाटक, पेटीवर तेच. एका पावसाळ्यात ते अंगणातल्या शेवाळावरून घसरले. तेव्हापासून मुलींनी ठरवलं की पावसाचे महिने बाबांनी एकट्याने काढायचे नाहीत. तीन पावसाळे ते डिचोलीला आमच्याकडे राहिले.

त्या तीन पावसाळ्यांबद्दल लिहिणं मला सोपं नाही, कारण घडलेलं असं त्यांत फार थोडं आहे. मी पणजीच्या एका मराठी दैनिकातून निवृत्त झालो होतो. बातमीतलं विशेषण काढून टाकणं हे माझं आयुष्यभराचं काम. घरी तबकड्यांचा संग्रह होता आणि तो ऐकायला प्रथमच वेळ होता. दुपारी चहा झाला की सासरे हॉलमध्ये येत. मी तबकडी पुसून लावी. आम्ही बोलत नसू. ते डोळे मिटून बसत, उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत. गाण्यातल्या एखाद्या खास जागेवर ते जिभेने 'च्च' असा आवाज करत आणि हळूच म्हणत, "वा." दिवसाला एखाद-दुसरा. गायकाला दिलेला असला तरी तो वा माझ्या खोलीत, मी लावलेल्या तबकडीला मिळालेला असे. कार्यालयात मी केलेल्या कुठल्याही कामाला असं काही मिळालं नव्हतं.

यंदा मे महिन्यात आम्ही त्यांना विचारायला सर्वणला गेलो, सामान कधी न्यायचं म्हणून. त्यांनी आंबा कापता कापता सांगितलं, "औंदा पेडण्याला राहीन म्हणतो. तिथं गाणं बरं लागतं." होळीला ते चार दिवस तिथे राहून आले होते.

बायको म्हणाली, "बरं बाबा." परतताना गाडीत तिने विचारलं, "राग आला?"

"नाही."

"मग गाडी दुसऱ्या गियरमध्येच का चालवताय?"

राग नव्हता. मत्सर होता. त्याला दुसरा शब्द मी बराच शोधला. मला दिसत होतं ते असं: पेडण्याचा हॉल, फणसाचे ठोकळे, सासऱ्यांचं 'च्च', आणि त्यानंतरचा वा. तो वा आता साडूच्या मालकीचा होणार होता, आणि तोही त्या निळ्या दोरखंडामुळे. साडूला राग आणि राग यांतला फरक कळत नाही, म्हणजे यमन आणि संताप यांतला. त्याने तबकड्या घेतल्या त्यासुद्धा कुणा हॉटेलवाल्याकडून एकगठ्ठा.

मी वाचायला लागलो. तारेच्या बाबतीत मला जे समजलं ते थोडक्यात असं. घरातल्या अंतराला, पुरेशी जाड असलेली तांब्याची साधी तार पुरते. त्यापुढे कितीही पैसे घातले तरी कानाला फरक कळल्याचं, ऐकणाऱ्याला कुठली तार जोडली आहे हे माहीत नसताना, सहसा सिद्ध होत नाही. माहीत असलं की मात्र सगळ्यांना कळतो. बाणांना अर्थ नाही. तारेतून प्रवाह दोन्ही दिशांनी जातो. ठोकळ्यांना तर नाहीच नाही.

एकच गोष्ट या निष्कर्षात बसत नव्हती. साडूच्या बायकोला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, गाण्यात काडीचा रस नाही. तिने मला आपणहून सांगितलं होतं, "भावजी, तार बदलली त्या दिवशी मी आत रांधपात होते. मला ठाऊकही नव्हतं. एकदम आवाज मोकळा झाला. आधी कांबळ्याखालून आल्यासारखा यायचा." तिला खोटं बोलायचं कारण नव्हतं. साक्षीदार विश्वासार्ह होती. मी ती साक्ष बाजूला ठेवली. बातमीत असं करत नाहीत.

मी साडूला फोन करून सुचवलं की एकदा परीक्षा घेऊ. तो लगेच तयार झाला. हेही मला आवडलं नाही.

"कोण ओळखणार? तुम्ही का, दादा?"

"मी नको. माझं मत झालेलं आहे. मामांना बसवू. कान त्यांचाच."

"हरलो तर?"

"हरलास तर तार काढून ठेव."

"आणि तुम्ही हरलात तर?"

मी म्हणालो, तेव्हाचं तेव्हा. सासऱ्यांना आम्ही दोघेही मामा म्हणतो. खरं म्हणजे मला तार काढायला नकोच होती. मला सासऱ्यांच्या तोंडून एवढंच हवं होतं की दोन्हींत फरक नाही. फरक नसेल तर पेडण्याला जायचं कारण उरत नव्हतं.

पावसाआधीच्या एका रविवारी आम्ही सगळे पेडण्याला जेवायला जमलो. जेवणानंतर मी व्यवस्था लावली. स्टीरिओच्या पुढे चादर बांधली. सासऱ्यांची खुर्ची तिच्याकडे पाठ करून ठेवली. दुकानातल्या भेंडोळ्यातून साधी तार कापून, टोकं सोलून तयार ठेवली. कुठल्या फेरीत कुठली तार, हे मेव्हणीने नाणं उडवून ठरवायचं. चादरीमागे साडू आणि मी. एकाच तबकडीचा एकच तुकडा दरवेळी वाजवायचा. फक्त शेवटच्या फेरीत, साडूच्या हट्टाखातर, सासऱ्यांकडची एक जुनी कॅसेट. सर्वणच्या उत्सवातल्या नाटकाचं ध्वनिमुद्रण होतं ते. पेटी सासऱ्यांची.

मी सासऱ्यांना समजावून सांगितलं. "मामा, बोलायचं नाही. भारी तार वाटली तर उजवा हात वर. साधी वाटली तर डावा."

"उजवो आणि डावो," ते म्हणाले. "कळलं मरे. त्यात काय."

पहिली फेरी साध्या तारेची होती. गाणं सुरू झालं. मी चादरीच्या कडेतून पाहत होतो. थोड्या वेळाने सासऱ्यांनी उजवा हात वर केला. मी साडूकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. दुसरी फेरी निळ्या तारेची. उजवा हात. तिसरी पुन्हा साधी. उजवा. या फेरीच्या मध्यावर घरावरून विमान गेलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. साडूने पटकन पुढे होऊन सुई उचलली, विमान जाऊ दिलं, आणि ओळ जिथे सुरू होत होती तिथे पुन्हा ठेवली. मी त्याला खुणेनेच सांगितलं की परीक्षेत असा खंड चालणार नाही. त्याने खुणेनेच सांगितलं की त्याला मी काय म्हणतोय ते कळत नाही.

चौथी, पाचवी. उजवा, उजवा.

मला मनातून आनंद होत होता. माणूस दरवेळी तेच उत्तर देतो म्हणजे त्याला फरक कळत नाही. साडूलाही आनंद होत होता, कारण निळी तार जेव्हा जेव्हा जोडली तेव्हा तेव्हा मामांनी ती ओळखली होती. चादरीमागे आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसत होतो. दोघांचं हसणं सारखंच होतं. हे मी चादरीमागे उभं राहूनच पाहू शकलो.

शेवटच्या फेरीला नाण्याने निळी तार दिली. कॅसेट लागली. मंडपातला गोंगाट, कुणाचं तरी मूल रडतंय, मग पेटी, मग गाणारा. सासरे ताठ झाले. बोटं मांडीवर चालायला लागली. अंतरा आला आणि गेला. त्यांनी डावा हात वर केला. नुसता वर नाही, झटकला.

मी चादर बाजूला सारून बाहेर आलो. "डावा! भारी तारेला डावा!"

"दादा, पण आधी—" साडू म्हणाला.

"आधीचं सोड. आता काय झालं ते बघ."

सासरे खुर्चीत वळून आमच्याकडे पाहत होते. "कसली तार?" ते म्हणाले. "पेटी बघ मरे. अंतऱ्याला उशीर केला मी. इतकी वर्सां झाली, अजून ऐकवत नाही. याला काय उजवो देणार?"

आधी माझी बायको हसायला लागली, मग मेव्हणी. मेव्हणीला तर भिंतीचा आधार घ्यावा लागला.

"बाबांनी कौल दिला हो तुम्हांला!" बायको म्हणाली. "देवासारखा!"

आमच्याकडे लग्न ठरवायचं असो, विहीर खणायची असो की शस्त्रक्रिया करून घ्यायची असो, गावच्या देवाला प्रसाद लावतात. मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालून वाट पाहायची. उजवी पाकळी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. सर्वणला वाढलेल्या माणसाला उजवा म्हणजे बरं आणि डावा म्हणजे बरं नव्हे, हे शिकवावं लागत नाही. मी स्वतः डिचोलीचा. माझं लग्न उजव्या प्रसादावर झालं. तरी परीक्षेचे नियम ठरवताना हे माझ्या डोक्यात आलं नाही. सासऱ्यांनी तारेचा विचारच केला नव्हता. त्यांना वाटलं, गाणं कसं झालं ते विचारतायत. गाणं पाच वेळा बरं झालं होतं.

"मग मामा, तारेत फरक कळला की नाही?" साडूने विचारलं.

"तारेत फरक कसो कळणार? तार काय गाते?"

मी म्हणालो, "ऐकलंस?"

"ऐकलं," साडू म्हणाला. "मग तुमच्या तारेचाही फरक कळला नाही म्हणजे. सुटली केस."

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण प्रश्न बाकी होता, आणि प्रश्न बाकी ठेवून उठणं मला जमत नाही. मी खुर्ची ओढून सासऱ्यांच्या समोर बसलो. "मामा, तारेमुळे नाही, तर मग इथं गाणं बरं लागतं ते कशाने?"

बायकोने मला नजरेने दटावलं. मी पाहिलं नाही असं केलं.

सासऱ्यांनी विचार केला. "विमान आलं की हे थांबवतात," ते साडूकडे बोट करून म्हणाले. "गेलं की ओळीच्या तोंडाकडून परत लावतात. जागा चुकत नाही." मग माझी समजूत काढावी तसं म्हणाले, "तुमचं गाणं मोठं असतं. तबकड्या एकापरीस एक. पण ट्रक गेला की माझी जागा गेली. मग मी वाट बघत बसतो, पुढली कधी येते ती."

डिचोलीचं माझं घर पाळीकडून येणाऱ्या रस्त्याला लागून आहे. खनिजाचे ट्रक मधली काही वर्षं बंद होते, आता पुन्हा दिसतात. शिवाय खडीचे, वाळूचे आहेतच. ते चढाला गियर बदलतात नेमके माझ्या खिडकीखाली. आणि माझा नियम असा की लावलेली तबकडी मध्ये थांबवायची नाही. गाणाऱ्याचा अपमान होतो. हा नियम मी सासऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगितला होता. ते "बरोबर" म्हणाले होते. तीन पावसाळे त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही.

साडूला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "अहो, मला त्या विमानाचा कंटाळा येतो म्हणून मी थांबवतो." खरं बोलत होता. हे मला जास्त लागलं. त्याने ते ठरवून केलं असतं तर मी त्याला डावपेच म्हटलं असतं.

सासरे पेडण्याला गेले. त्यांचं सामान मीच पोचवलं, कॅसेटच्या खोक्यासकट.

पावसाळा लागला. दुपारी मी तबकडी लावी आणि ट्रक आला की सुई उचली. उचललेली सुई नेमकी ओळीच्या तोंडावर परत ठेवणं सोपं नाही. दोन ओरखडे पडले. शिवाय माझ्या स्टीरिओचा आवाज मला दबलेला वाटायला लागला. आधी मी ते मनावर घेतलं नाही. एकट्याने ऐकताना आवाज दबलेला वाटणारच. मग मेव्हणीचं कांबळं आठवलं.

मी स्पीकर पुढे ओढून मागची तार सोडवली. तांब्याची टोकं काळी पडली होती, मधूनमधून हिरवी. ॲम्प्लिफायरच्या बाजूलाही तेच. इतक्या पावसाळ्यांची दमट हवा त्या चार जागी जाऊन बसली होती. मी टोकं कापली, नव्याने सोलली, पितळी जोडण्या घासून पुसल्या, तीच तांबडी-काळी तार परत लावली. तबकडी सुरू केली. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली.

"काय केलं? मोकळं वाजतंय."

"पुसलं."

"काय पुसलं?"

मला बातमी मिळाली होती. साडूच्या निळ्या तारेने काही केलं नव्हतं. ती लावण्यासाठी त्याने जुनी तार उपटली, नव्या पिना घट्ट बसवल्या, आणि पेडण्याच्या पावसाने चढवलेला थर त्यात निघून गेला. दुकानातल्या वीतभर तारेने आणि जुन्या रुमालाने हेच झालं असतं. मेव्हणीची साक्ष खरी होती, स्पष्टीकरण चूक होतं. सगळं जुळलं. मी फोन उचलला.

फोन साडूने घेतला. मागे गाणं चालू होतं. "बोला दादा," तो म्हणाला, आणि लगेच, "थांबा, थांबा, एक मिनिट."

गाणं बंद झालं. मग लांबून विमानाची घरघर ऐकू आली, जवळ आली, फोनभर झाली. मी रिसीव्हर कानाशी धरून ठेवला. घरघर ओसरायला लागली तेव्हा तिच्याखालून दुसरा आवाज येत होता. सासरे गुणगुणत होते. थांबलेली ओळ त्यांनी धरून ठेवली होती, तिच्याच लयीत, हाताने खुर्चीवर ताल देत, ती हरवू नये म्हणून. तीन पावसाळ्यांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. माझ्याकडे त्यांना तशी फटच मिळाली नव्हती.

सुई टेकली. ओळ तोंडाकडून सुरू झाली. फोनमधून मला ते 'च्च' ऐकू आलं, आणि मग वा.

"हं, सांगा," साडू म्हणाला.

मी सांगितलं. जोडण्या, काळी टोकं, हिरवा थर, रुमाल. क्रमाने, विशेषणाशिवाय. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"असं होय," तो म्हणाला. "म्हणजे तार भारी आणली म्हणून पुसलं गेलं. नाहीतर मी कशाला हात लावत होतो? वसूल झाली म्हणायची."

मी डोळे मिटले. बायको समोर उभी होती. तिने तोंडाला पदर लावला.

"दर पावसाळ्यात एकदा पुसून घे," मी म्हणालो. "परत धरेल."

"तुम्हीच या ना पुसायला. मला त्यातलं कळत नाही. मामाही विचारतात, दादा का येत नाहीत म्हणून. तुमच्या त्या मोठ्या गाण्यांतलं एखादं आणा येताना. इथल्या तबकड्या त्यांना पाठ झाल्या."

मागे पुन्हा काहीतरी झालं. साडू फोनपासून दूर होऊन ओरडला, "हो मामा, दादाच आहेत!" मग मला म्हणाला, "रविवारी या."

"येतो."

"पण एक सांगून ठेवतो. हात वर करायला लावू नका त्यांना."

फोन ठेवून मी कपाटाकडे गेलो. पेडण्याला न्यायची तबकडी निवडायला मला बराच वेळ लागला. शेवटी एक निवडली, जिच्यात थांबवण्यासारखी एकही जागा नाही. मग ती परत ठेवली आणि दुसरी काढली, ओळीओळीला थांबता येईल अशी.